सागाच्या डोंगरातली तिसरी हाक

मी गाव सोडलं तेव्हा ऊन नुकतंच डोंगर उतरून एसटीच्या थांब्यावर आलं होतं. चैत्र होता, सागाची पानं गळून डोंगर उघडा पडला होता. वाळूजच्या कारखान्यात मला नोकरी लागली होती. आबांनी माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली आणि खाली उतरले. गाडी वळणाला लागली आणि मागून हाक आली, "भागवताऽऽ!" पाठोपाठ पुन्हा, "भागवताऽऽ!"

मी ओ दिली नाही. तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिलो.

तुमच्यापैकी जे अजून तिथंच आहेत, त्यांना याचं कारण सांगायला नको. जे माझ्यासारखे निघून आले, ते कदाचित विसरले असतील. पिशोरच्या पुढचं आपलं गाव डोंगरांच्या द्रोणात बसलेलं. सूर्य उशिरा येतो, लवकर जातो. पावसाळ्यात पाऊस थांबला तरी सागाची रुंद पानं कितीतरी वेळ ठिबकत राहतात, आणि हाक मारली तर जंगल ती पिऊन टाकतं. उन्हाळ्यात पानं नसलेला डोंगर तीच हाक जशीच्या तशी परत करतो. ओरडणारा एकदा ओरडतो, ऐकू दोनदा येतं. म्हणून आपल्याकडं पहिल्या दोन हाकांना कुणी ओ देत नाही. "रानालाबी तुझं नाव ठावं हाय," माय सांगायची, "पर त्याला दोनच हाका येत्यात. तिसरी आली की समजायचं, माणूस हाय."

त्या दिवशी तिसरी आलीच नाही.

वाळूजला डोंगर नाही. शेडमध्ये कुणी हाक मारली तर ती यंत्रांच्या घरघरीत तिथंच विरते. शिफ्टची बस, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीत उजाडल्यापासून तापणारं ऊन, यांत माझी वर्षं गेली. आबाही गेले. पण दर चैत्रात, भर दुपारी, मला माझं नाव ऐकू येतं. दोनदा. मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. मुलगी विचारते, "पप्पा, कोई बुला रहा है क्या?" मी नाही म्हणतो आणि तिथंच थांबतो.

यंदा मायला आणायला गेलो. वाळलेल्या पाचोळ्यातून वणवा गोठ्यापर्यंत आला होता, आणि तिनं एकटीनं झाडून पट्टा मोकळा केला म्हणून घर वाचलं होतं. तिच्या हाताला अजून फोड होते. मी लई विनवलं.

"तुझ्या त्या पेटीवानी घरात मी काय करू? हितं डोंगर तरी बोलतो माझ्यासंगं."

मग एवढ्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. आबांनी त्या दिवशी कशासाठी हाक मारली होती?

चुलीतलं लाकूड मागं ओढत ती म्हणाली, "त्यांनी एकच मारली व्हती. दुसरी डोंगराची. मी म्हनलं, अवो, आणखी एक मारा, पोरगं वाट बघत आसंल. तर म्हनले, तिसरी मारली तर उतरंल त्यो. जाऊ दे त्याला."

सकाळी मी एकटाच निघालो. माय थांब्यापर्यंत आली. गाडी त्याच वळणाला लागली आणि हाक आली, "भागवताऽऽ!" मग डोंगराची. खिडकीतून मागं पाहिलं. मायनं पदर तोंडावर गच्च दाबून धरला होता.

"मास्तर, बेल मारा."

कंडक्टर वैतागला. "आत्ता तर बसले ना साहेब! काय राहिलं?"

"ओ द्यायची राहिली."

मी उतरलो आणि रस्त्यातूनच ओरडलो, "ओऽऽ, माय!" डोंगरानं माझी ओ परत केली. त्या दुसऱ्या आवाजात आबा असावेत असं मला वाटलं, अजून वाटतं. माझे सगळे कागद वाळूजच्या पत्त्याचे आहेत. पण माझ्यासाठी गिळून टाकलेली ती तिसरी हाक जिथं आहे, तेच माझं घर.

मी जवळ पोचलो तेव्हा पदर अजून तोंडावरच होता. तो काढून ती माझ्यावर डाफरली, "उतरलास कशाला मुडद्या? मी तिसरी मारली व्हती का?"