गाडीचं कण्हणं

आप्पांची गाडी आमच्या बोळात वळली की कण्हायची. बोळाच्या तोंडाशी स्टेअरिंग पूर्ण फिरवावं लागतं, आणि तेवढ्या वेळापुरता बोनेटखालून एक लांब, घोगरा आवाज निघायचा. गुडघ्यावर हात टेकून उठणारा म्हातारा माणूस काढतो तसा. आई तो आवाज ऐकून चहा ठेवायची. आप्पा गाडी लावून, पाय धुऊन घरात येईपर्यंत चहाला उकळी फुटलेली असायची.

आप्पा गेले, गाडी माझ्याकडं आली, आणि आवाज तसाच राहिला. मी परळीहून अंबाजोगाईला नोकरीसाठी रोज जा-ये करते. संध्याकाळी बोळात वळले की गाडी कण्हायची आणि स्वयंपाकघरात आईचा हात पातेल्याकडं जायचा. मी दारात आले की ती वर बघायची, तिचा चेहरा क्षणात विझायचा, आणि ती म्हणायची, "तूच होय." रोज हेच. मला त्या 'तूच होय'चा राग यायचा. राग आल्याची लाजही वाटायची, पण राग जास्त. मी मुळात चिडकी बाई आहे, आणि चहा माझ्यासाठी नसतो हे रोज ऐकून कोण शांत राहील.

आप्पा त्याच गाडीत गेले. घाटनांदूरला नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा होता. दुपारी तिथं जेवून ते एकटेच परत निघाले. वाटेत एक वळण संपतं तिथं रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली, गाडी उभी सापडली. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, आणि आप्पा सीटवर बसलेले. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. छातीत कळ आली असेल, त्यांनी गाडी बाजूला घेतली असेल आणि तिथंच गेले असतील, असं डॉक्टर म्हणाले. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, बसल्या जागी गेला. आमच्या लिंगायतांत माणसाला पुरतातही बसवूनच, कपाळाला विभूती लावून, हातात लिंग देऊन. त्यामुळं माझ्या मनात आप्पा कधी आडवे झालेच नाहीत. गाडीच्या सीटवरून उठवून त्यांना मातीत बसवलं, एवढंच. अजूनही गाडीत बसण्याआधी मी सीटवरून एकदा हात फिरवते. तिथं कुणी नाही याची खात्री करते की कुणी असावं म्हणून चाचपते, ते मला सांगता येणार नाही.

सगळे विधी उरकल्यावर शेजाऱ्यांनी मला मोटारसायकलवरून त्या लिंबापाशी नेऊन सोडलं. गाडी आणायची होती. तिची पुढची दोन्ही चाकं डावीकडं पूर्ण वळलेली होती. ती सरळ करायला मला दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढावं लागलं, पाय पुढच्या पत्र्याला टेकवून. घरापर्यंतचा प्रत्येक वाक मी अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावून घेतला. घरी येऊन ओट्यावर दंड चोळत बसले तेव्हा हात खांद्यातून निखळून आल्यासारखे झाले होते. पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही, मग अंगात जोर कुठला राहणार, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. आप्पांची गाडी तोच बघायचा, आणि भेटायलाच आला होता. त्यानं सवयीनं बोनेट उघडलं, स्टेअरिंगच्या तेलाची डबी कोरडी पडलीय म्हणाला आणि आपल्या दुकानातून लाल तेल आणून ओतलं. मी गाडी सुरू केली. स्टेअरिंग दोन बोटांनी फिरलं.

आप्पांच्या हृदयात स्टेंट बसवलेला होता. पाण्याची बादली उचलायची नाही, जोर लागेल असं काही करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि त्या माणसानं ते स्टेअरिंग, जे मला पाय टेकवून ओढावं लागलं, त्या वळणावर पूर्ण फिरवलं होतं. कळ आली म्हणून त्यांनी गाडी वळवली, की गाडी वळवली म्हणून कळ आली? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. पण त्या दिवसापासून मी गाडी चालवायला बसले की तोही येऊन बसायचा.

तेल गळतच राहिलं. रोज सकाळी गाडीखाली लालसर डाग दिसायचा. अंगणात सडा टाकताना आई तेवढी जागा सोडायची. मी दर आठ-पंधरा दिवसांनी तेल ओतायची आणि गाडी हाकायची. दुरुस्तीचं नाव काढलं की आई म्हणायची, चालती ना, मग कशाला खोलायची. तिला तो आवाज जायला नको होता, हे मला कळत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही गाडी खोलायची नव्हती. बिघाड आप्पा गेल्यानंतरचा, गाडी लिंबाखाली उभी होती तेव्हाचा, निघाला तर मी सुटले. आधीचा निघाला तर?

पण अंबाजोगाईच्या अलीकडच्या चढावर एकदा समोर एसटी आली आणि ऐन वेळी स्टेअरिंग जड झालं. गाडी कशीबशी कडेला घेतली. आप्पांनाही असंच झालं असेल का, हाच एक विचार डोक्यात होता. त्याच संध्याकाळी गाडी मिस्त्रीकडं नेली.

आमचा मिस्त्री बोलघेवडा आणि स्वतःवर फार खूश. बघता क्षणी त्यानं सांगितलं की पाइप गेलाय. पाइप बदलला. चार दिवसांत डाग पुन्हा हजर. मी तणतणत गेले तर म्हणाला, गाडी म्हातारी झाली, थोडं तर गळणारच. मी म्हटलं, तुम्हीही म्हातारे झालात, तुम्हाला बदलून टाकू का? तो हसला, आणि मग मात्र कामाला लागला.

गाडी वर उचलून त्यानं खालचा सगळा भाग रॉकेलनं धुतला, फडक्यानं पुसून कोरडा केला. मग एका पत्र्याच्या डब्यातून चाळलेली राख काढली. औष्णिक वीज केंद्रामुळं आमच्या गावात राखेला तोटा नाही. खिडकीच्या पट्टीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, गाडीच्या टपावर ती रोज नव्यानं येऊन बसते. आप्पा रोज सकाळी ती टपावरून झटकायचे. मिस्त्रीनं ती पावडरसारखी पाइपांवर, पंपावर, स्टेअरिंगच्या आडव्या नळीवर शिंपडली आणि मला इंजिन सुरू करून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायला सांगितलं. गाडी कण्हत राहिली, मी फिरवत राहिले. बोनेट उघडं असल्यानं समोर काचेपलीकडं काही दिसत नव्हतं. खाली राख फासलेलं काहीतरी आणि वर आप्पांच्या जागी मी. मला बसवेना.

मग त्यानं हाक मारली. सगळी राख कोरडी होती. फक्त आडव्या नळीच्या दोन्ही टोकांना जे रबरी टोपण असतं, तिथं राख भिजून काळी झाली होती. आतलं सील गेलं होतं. त्यानं टोपण मागं सारलं आणि आतून तेल ओघळलं. ते लाल नव्हतं. दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसत होतं.

"गाडी पुरात गेलती का?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मग ह्यात पाणी कुठून आलं? पाणी मिसळलंय ह्याच्यात. सील त्यानंच खाल्लं. पंपाचा आवाज येतो तो पण त्यानंच." त्यानं नळीवरून बोट फिरवून मला गंज दाखवला.

मी विचारलं, किती दिवसांचं असेल हे? आवाज जमेल तेवढा साधा ठेवला होता.

"लई दिवसाचं हाय, ताई. थोडं थोडं गेलंय. आप्पा होते तवापासूनचं."

मी तिथल्या एका जुन्या टायरवर बसले. तो पुढं काय काय बोलत होता ते मला ऐकू आलं नाही. मला उत्तर मिळालं होतं, आणि ते मी कुठं ठेवणार होते?

सील लातूरहून मागवावं लागणार होतं. तोवर गाडी घरी उभी ठेवा, चालवू नका, असं त्यानं सांगितलं. तेल भरून गाडी कशीबशी घरी आणली. पुढचे दोन-तीन दिवस एकच विचार, की तेलात पाणी घातलं कुणी. गाड्या धुणाऱ्यावर संशय घेतला. पेट्रोल पंपावरच्या माणसावर घेतला. मनातल्या मनात मी दोघांनाही शिव्या घातल्या.

मग सोमवार आला. मी खिडकीशी वेणी घालत होते आणि अंगणातून बोनेटचा खटका ऐकू आला.

सोमवारचं सांगायला हवं. आप्पा दर सोमवारी देवळातून तीर्थ आणायचे. थोडं उंबऱ्यावर, थोडं आमच्या दुकानातल्या तराजूवर, आणि थोडं गाडीच्या रेडिएटरमध्ये. रेडिएटरमध्ये पाणीच असतं, त्यात देवाचं दोन पळ्या गेलं तर काय बिघडतं, असं ते हसून म्हणायचे. मी लहानपणापासून हे बघत आले होते. इतकं सवयीचं की मी ते बघणं सोडून दिलं होतं. नंतर सोमवारी माझी निघायची घाई असायची, आणि आप्पा आजारी पडल्यावर हे कोण करतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

आई डोक्यावर पदर घेऊन बोनेटखाली वाकली होती. हातात तांब्याचा गडवा आणि पळी. रेडिएटरचं झाकण घट्ट असतं, दाबून फिरवावं लागतं. त्याच्या शेजारी स्टेअरिंगच्या तेलाची लहान डबी, तिचं झाकण हातानं सहज फिरतं. तिनं लहान डबीचं झाकण काढलं, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली आणि दोन पळ्या तीर्थ आत सोडलं.

मी वेणी अर्धी सोडून बाहेर गेले. काय करतेस, असं विचारायचं होतं. विचारलं ते एवढंच, की हे कधीपासून करतेस.

"ते दवाखान्यातून आल्यापासनं," आई म्हणाली. "त्यांना उठायला मनाई होती ना. मला म्हणले, तू घाल आता. ते ओट्यावर बसायचे अन् मी घालायची."

गाडीची पाठ कायम ओट्याकडं असते. बोनेट उघडलं की पलीकडचं काही दिसत नाही. ओट्यावर बसून आप्पांना फक्त एवढंच दिसत असणार की बायको श्रद्धेनं त्यांच्या गाडीला तीर्थ घालते आहे.

"गाडीत त्यांना काय होऊ नये म्हणून," आई म्हणाली आणि झाकण लावलं.

मी घरात आले, न्हाणीत गेले आणि नळ सोडून रडले. इतकं तर मी आप्पा गेले तेव्हाही रडले नव्हते. तेव्हा लोक होते, आई होती, करायला कामं होती. आता हे दुःख वाटून घ्यायला घरात एकच माणूस होतं, आणि नेमकं त्याच माणसापासून ते लपवायचं होतं.

सील आलं, मिस्त्रीनं नळी खोलली, साफ केली, पंप उघडला, सगळं तेल काढून नवं भरलं. पाणी आत कसं गेलं ते सापडलं का, असं त्यानं विचारलं. नाही म्हटलं. तो माझ्याकडं बघत राहिला आणि मग म्हणाला की जुन्या गाड्यांचं काही सांगता येत नाही. आईनं विचारलं तर रबर जुनं झालं होतं म्हणून सांगा, असं मी त्याला बजावलं. त्यानं मान डोलावली.

त्या संध्याकाळी मी बोळात वळले. स्टेअरिंग एका हातानं फिरलं. आवाज नाही. गाडी लावून मी पाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. गॅस बंद होता. आई पाठमोरी बसून मेथी निवडत होती. तिला मी आलेली कळलीच नाही. बऱ्याच वेळानं तिनं वळून बघितलं आणि म्हणाली, "कवा आलीस? आवाज न्हाई आला." त्या दिवशी ती 'तूच होय' म्हणाली नाही. मी तेवढ्यासाठी किती चिडायचे, आणि आता ते ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. चहा मीच ठेवला.

पुढच्या सोमवारी आईच्या आधी मीच अंगणात जाऊन बोनेट उघडून उभी राहिले. इंजिन थंड होतं. आई गडवा घेऊन आली. मी रेडिएटरचं झाकण दाबून फिरवलं, काढलं आणि म्हटलं, "आई, इथं घाल. आप्पा इथंच घालायचे."

ती थांबली. तिनं रेडिएटरच्या तोंडाकडं बघितलं, मग शेजारच्या लहान डबीकडं. डबीत नवं लाल तेल होतं. मी म्हटलं, डबीत काही बिघडलेलं नव्हतं, रबर जुनं झालं होतं, मिस्त्रीनं बदललं. विचारलं नसताना मी हे सांगितलं आणि सांगता सांगताच मला कळलं की सांगायला नको होतं.

आईनं दोन पळ्या तीर्थ रेडिएटरमध्ये सोडलं. डोळे मिटले नाहीत. पदरानं पळी पुसत ती शांतपणे म्हणाली,

"तू त्या झाडाखालनं गाडी आणलीस त्या दिवशी. ओट्यावर बसून दंड कशाला चोळत होतीस गं?"

मी झाकण लावलं आणि फिरवत राहिले. ते केव्हाच घट्ट बसलं होतं.