साहेबांचं ‘साफ’

आमच्या साहेबांना टोपणनावं ठेवायचा भारी सोस. माणसांना नव्हे, कॉम्प्युटरच्या आज्ञांना! ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अंधेरीच्या एका गाळ्यात आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे एक युनिक्स मशीन, काही टर्मिनल आणि साहेबांचा तोरा. फाइली पुसायच्या आज्ञेला त्यांनी टोपणनाव दिलं ‘साफ’. मग ‘आवर’ नावाचं एक फंक्शन लिहिलं. ते चालवलं की आपण असू त्या डिरेक्टरीतला सगळा पसारा पुसला जाई. पुसायचं काम अर्थातच आतलं ‘साफ’ करी.

मी नवीन होते. मुलुंडच्या एका कारखान्यासाठी पगाराचा प्रोग्राम लिहिला होता. तो गिऱ्हाइकाला पटला तर मी नोकरीत कायम, नाहीतर घरी.

तो दाखवायच्या दिवशी सकाळीच साहेबांना उपरती झाली. ‘साफ’ न विचारता पुसतं, म्हणजे धोकाच की! लगेच त्यांनी टोपणनावाचा अर्थ बदलला. आता ‘साफ’ आधी विचारणार, मग पुसणार.

मी म्हटलं, “सर, ‘आवर’पण परत लिहा ना. फंक्शन लिहितानाच मशीन टोपणनाव उलगडून घेतं. त्याच्या पोटात अजून जुनाच अर्थ आहे.”

“तू नवीन आहेस गं,” साहेब म्हणाले.

गिऱ्हाईक आलं. माझ्या प्रोग्रामची डिरेक्टरी उघडून साहेब म्हणाले, “आमची सिस्टिम विचारल्याशिवाय काही पुसत नाही, बघा!” आणि टाइप केलं ‘आवर’. मशीननं हूं की चूं केलं नाही. माझा प्रोग्राम गायब. वाट लागली!

“मुलीनं काहीतरी घोळ घातलाय,” साहेब म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी रिकाम्या डिरेक्टरीत दोन खोट्या फाइली बनवल्या. एकीवर ‘साफ’ चालवलं, मशीननं विचारलं, मी ‘नको’ म्हटलं. मग ‘आवर’ चालवलं, दोन्ही गुपचूप गेल्या. मग ‘आवर’ जसंच्या तसं परत लिहिलं, नव्या फाइलीवर चालवलं, आणि ते मुकाट्यानं विचारायला लागलं. आदल्या दिवशी प्रोग्रामची नक्कल टेपवर घेतली होती, तिच्यावरून तो परत चढवून दाखवला.

“मुलगी हुशार आहे,” गिऱ्हाईक म्हणालं.

“मग! मीच शिकवलंय,” साहेब म्हणाले.

मी कायम झाले. आईनं देवापुढे साखर ठेवली. मला रडू येत होतं. कायम म्हणजे याच माणसाच्या हाताखाली कायम.