सकरीबाईची आण आणि आबांचं माप

आबा गेले तेव्हा त्यांच्या रक्तातलं सोडियम १३७ होतं.
अगदी नॉर्मल.

आज वर्ष झालं.

आबा म्हणजे माझ्या आईचे काका. पन्नासच्या दशकात आमच्याकडच्या एका लहानशा दवाखान्यात कंपाउंडर होते.

मी नर्सिंगला गेले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "लघवीचं माप घेता येते का तुले?"
"शिकवतात, आबा."
"घ्याले शिकवतात. वाचाले शिकवतात का?"

मला तो टोमणा वाटला होता. मी तिसऱ्या वर्षाला असताना त्यांनी पुढचं सांगितलं.

मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून बैलगाडीत एक तरुण माणूस आणला होता. एकाएकी भयंकर डोकं दुखलं, मान ताठ झाली. डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढलं, ते लाल निघालं. मेंदूत रक्तस्राव.

त्या काळची रीत ठरलेली होती. अंधारी खोली, हालचाल बंद, आणि मेंदूला सूज नको म्हणून पाणी बेताचं.
दिवसाला तीस औंस, म्हणजे लिटरभरही नाही. आबा मोजून पाजत. लघवी काचेच्या मापात मोजत.

तिसऱ्या दिवशी लघवी भरली नव्वद औंस.

उशाशी त्याची बायको होती, सकरीबाई. मांडीवर तान्हं लेकरू.

"चोरून पानी पाजून राह्यली ना तू त्याले?"
"नाई दादा."
"मंग एवढं आलं कुठून? झिरा फुटला का त्याच्या पोटात?"

तिने लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. "याची आन, दादा. एक घोट नाई देला."

आबांनी तिचा तांब्या काढून घेतला. तिला खोलीबाहेर बसवलं. पाणी आणखी कमी केलं.

दोन दिवसांनी त्याला झटके आले आणि तो गेला.
ती दाराबाहेरच होती.

एवढं सांगून आबा म्हणाले, "आता तू शिकून राह्यली. सांग मले, थे बाई खोटं बोलत होती का?"

मला उत्तर माहीत होतं.
मी म्हटलं, "पाहून सांगते."
आणि चार महिने सांगितलं नाही.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं. जसं आहे तसं.

मेंदूत रक्तस्राव झाल्यावर काही पेशंटच्या किडन्या मीठ धरून ठेवत नाहीत. मीठ लघवीतून जातं, त्याच्यामागे पाणी जातं. माणूस आतून कोरडा पडतो, रक्तातलं सोडियम उतरतं, झटके येऊ शकतात. अशा पेशंटचं पाणी तोडायचं नसतं. पाणी आणि मीठ, दोन्ही भरून द्यायचं असतं. त्या माणसाचं सोडियम कोणी मोजलं नव्हतं, तशी सोयही नव्हती. म्हणून खात्री देता येत नाही. पण कोणी घोटभर न पाजताही नव्वद औंस येऊ शकतात.

आबा म्हणाले,
"म्हंजे माप खरं होतं. बाईबी खरी होती."

मी त्यांची समजूत काढली नाही. मला ते जमत नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मले तांड्यावर ने."

सकरीबाई वारल्या होत्या. त्यांचा मुलगा भेटला, साठीच्या पुढचा. ऊसतोडीला निघायची बांधाबांध चालली होती. आबांनी उभ्याउभ्याच सांगितलं, "तुही माय खोटं नव्हती बोलली. मी तिले भायेर काढलं. चूक माही होती."

तो माणूस हसला.
"मले माहीत हाय, बाबा. मायनं माही आन घेतली होती. पाहा, मी त अजून जिता आहो."

मग त्याने आबांना पाणी दिलं. आबांनी तांब्या रिकामा केला.

मागच्या वर्षी आबांनाच मेंदूत रक्तस्राव झाला. वय नव्वदीतलं. माझ्याच आयसीयूत आणलं.

पाचव्या दिवशी सोडियम १२३. आत गेलं दोन लिटर, बाहेर आलं साडेचार.

नव्या सिस्टरने चार्ट पाहिला आणि उशाशी बसलेल्या काशीआजींना, म्हणजे आबांच्या बायकोला, दटावलं. "आजी, चोरून पाणी पाजता ना? बाहेर बसा बरं."

आजी रडकुंडीला आल्या. "एक थेंब नाई पाजला व माय मी."

मी म्हटलं, "आजी इथेच बसतील. माप खरं आहे."

लघवीतलं सोडियम तपासायला पाठवलं. भरपूर निघालं. बीपी उतरत होता, वजन घटलं होतं. डॉक्टर सरांनी पाणी तोडलं नाही. जेवढं बाहेर, तेवढं आत, आणि सोबत तीन टक्के मिठाचं सलाईन, सावकाश. सोडियम दिवसाला आठ अंकांच्या वर चढवायचं नाही, कारण घाईने चढवलं तरी मेंदूला इजा होते. दर सहा तासांनी रक्त मीच काढत होते.

रोज सकाळचा आकडा: १२३. १२६. १३०. १३४. १३७.

नवव्या दिवशी पुन्हा रक्तस्राव झाला. त्याला मिठाचा इलाज नाही.

आजी आतच होत्या. आबांचा हात त्यांच्या हातात होता.
शेवटच्या तासाचं मापही मी घेतलं आणि चार्टवर लिहिलं.

आबा, आता वाचता येतं मला.

तुम्हाला आणि सकरीबाईंना नमस्कार.