ड्रेसिंग गाऊनमधला पाम: अप्पर हट ते अलेक्झांड्रा आणि परत

निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, ‘येतो’ म्हणायचं असतं, हे माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे मंदारच्या, हाडीमाशी खिळलेलं आहे. इथवर ठीक. पण तो फोन ठेवतानाही ‘चला, येतो’ म्हणतो आणि इंग्रजीत बोलत असला की त्याचं सरळ भाषांतर करतो. त्याच्या ऑफिसातल्या लोकांना आता याची सवय झाली आहे. नॉरीनला नव्हती. त्या एका शब्दापायी आम्ही भर जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, अप्पर हटहून अलेक्झांड्राला, म्हणजे साउथ आयलंडच्या पार खाली, ट्रेलर ओढत गेलो आणि आलो.

अप्पर हटला हिवाळ्यात सकाळी दव गोठून लॉन पांढरं होतं. या पांढऱ्या प्रकाराने आजवर आमच्या दोन केळी, एक पपई आणि कढीपत्त्याची तीन रोपं खाल्ली आहेत. चौथा कढीपत्ता बाथरूममध्ये गरम टॉवेल-दांडीशेजारी राहतो आणि आंघोळीला जाणाऱ्याने आधी त्याला बाहेर काढायचं, असा घरातला नियम आहे. एवढ्यावर माणसाने थांबावं की नाही? मंदार सॉफ्टवेअरमधला, कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर वाढलेला. त्याच्या हातून मनीप्लांट मेलेलं मी स्वतः पाहिलं आहे. तरी तो थंड हवेत उष्ण प्रदेशातली झाडं वाढवणाऱ्या लोकांच्या एका ऑनलाइन ग्रुपात शिरला. तिथली माणसं आपापल्या केळीला गोधडी गुंडाळून फोटो टाकतात आणि बाकीचे खाली ‘शाब्बास’ लिहितात.

तिथेच त्याला नॉरीनची पोस्ट दिसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या बाईंनी अलेक्झांड्रातलं घर विकलं होतं आणि त्या टिमारूला मुलीजवळच्या छोट्या युनिटमध्ये राहायला निघाल्या होत्या. घराच्या पुढच्या अंगणात त्यांच्या नवऱ्याने, कॉलिनने, लावलेला एक पाम होता. हा विंडमिल पाम: पंख्यासारखी पानं, खोडभर तपकिरी केस, बर्फ पडला तरी उभा. कॉलिन चार वर्षांपूर्वी गेला. नव्या मालकांना पामच्या जागी गराज हवं होतं आणि सोमवारी सकाळी खोदाईचा डिगर येणार होता. त्याआधी जो खणून नेईल त्याला तो फुकट. दोन जणांनी आधीच विचारणा केली होती.

मंदारने फोन केला तो ‘नुसता माहितीसाठी’. पंचवीस मिनिटं मुळांची आणि मातीची चौकशी झाली, आणि फोन ठेवताना त्याने नेहमीप्रमाणे म्हटलं, “ओके देन, वी आर कमिंग.”

आमची इरा तेरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिने फोनमधून मान वर न करता विचारलं, “डॅड, यू नो यू जस्ट टोल्ड हर वी आर कमिंग?”

मंदार म्हणाला, त्याचा अर्थ तसा होत नाही. अर्ध्या तासात नॉरीनचा मेसेज आला की बाकी दोघांना तिने नकार कळवला आहे, तीन अंथरुणं तयार आहेत आणि शुक्रवारी ती आमची वाट पाहते आहे. मी मंदारला म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन कर आणि नाही म्हणून सांग. त्याने मुकाट्याने फोन केला. पाच मिनिटांनी आतल्या खोलीतून त्याचा आवाज आला, “ओके देन, वी आर कमिंग.” मग मी दशम्यांची कणीक भिजवायला घेतली.

गुरुवारी सकाळच्या फेरीबोटीने निघालो. कोणाला जायचं असेल तर सांगते, जुलैत शाळांना सुट्टी असते, त्यामुळे फेरीचं बुकिंग महिनाभर आधी करा. आम्ही चार दिवस आधी केलं आणि ट्रेलरचे पैसे लांबीवर असतात हे काउंटरवर कळलं. पिक्टनला उतरल्यावर कायकोराचा किनाऱ्याचा रस्ता धरायचा. खडकांवर सील पडलेले असतात, थांबायला जागा आहेत, आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी खायला याहून बरी जागा मला माहीत नाही. ट्रेलर मागे असला की नव्वदच्या वर जाता येत नाही, तेव्हा आपल्यामागे पंधरा गाड्यांची वरात तयार होते. इरा मागे वळून प्रत्येकाला हात करत होती. रात्री क्राइस्टचर्चला मोटेल घेतलं.

शुक्रवारी टेकापोमार्गे खाली उतरलो. टेकापोचं तळं या दिवसांत इतकं निळं असतं की मंदारने दोनदा चष्मा पुसला. ओमारामाला पेट्रोल भरून घ्या, कारण पुढे लिंडिस पास लागतो आणि तिथे मध्ये काही नाही. चाकांच्या साखळ्या गाडीत ठेवायच्याच. आम्हाला लागल्या नाहीत, पण वर दोन्ही बाजूंना बर्फ होता आणि रिकामा ट्रेलर मागे आपल्या मर्जीने डोलत होता. माझी पाचावर धारण बसली होती. मंदार पामच्या मुळांवर बोलत होता.

चार वाजता अलेक्झांड्रात शिरलो. झाडाझाडाच्या काड्यांवर दव गोठून पांढरं झालं होतं आणि नदीवर धुकं बसलं होतं. नॉरीनचं घर ओळखायला नंबर बघावा लागला नाही, कारण अंगणात एक केसाळ गृहस्थ पुरुषांचा चौकड्यांचा लोकरी ड्रेसिंग गाऊन घालून उभा होता. कमरेला गाऊनची दोरी बांधलेली, वर गळ्यापाशी मफलर आणि डोक्याच्या जागी पंख्यासारखी हिरवी पानं. मी गाडीतून उतरायच्या आत पत्रं टाकणारी बाई फाटकाशी थांबली, टपालपेटीत दोन पाकिटं टाकली आणि पामकडे बघून म्हणाली, “मॉर्निंग, कॉलिन.” संध्याकाळचे चार वाजले होते. पण त्या गावात बहुधा त्याला मॉर्निंगच म्हणायचा रिवाज असावा.

नॉरीन बारीक चणीची, ताठ, बोलायला थेट. तिला वेड वगैरे काही लागलेलं नव्हतं. गाऊन कॉलिनचा होता आणि लोकरीतून हवा खेळते, असं तिने मला शिक्षिकेच्या सुरात समजावलं. दर मे महिन्यात ती गाऊन चढवते आणि सप्टेंबरात धुऊन ठेवते. मग तिने आम्हाला आत नेलं आणि तिथे खरा घोटाळा उघडकीला आला.

आत सहा जण बसले होते. हा गावातला पामवाल्यांचा क्लब, त्यातला सगळ्यात तरुण सभासद एकाहत्तरचा. नॉरीनने त्यांना सांगितलं होतं की एका पामसाठी नऊशे किलोमीटर येणारा भारतीय माणूस म्हणजे तज्ज्ञच असणार. मंदारला खिडकीजवळची खुर्ची दिली गेली. एकाने वही उघडली. क्लबचे अध्यक्ष मरे, बाहेर उणे चार असताना हाफपँटमध्ये, पुढे सरकून बसले. ट्रेभर चीज रोल आले, म्हणजे चीज लावून गुंडाळलेला आणि भाजलेला ब्रेड. साउथ आयलंडच्या खालच्या भागात गेलात तर चुकवू नका.

प्रश्न सुरू झाले. तुमच्याकडे पामला पाणी किती घालतात? मंदार म्हणाला, पावसावर सोडतात. वहीवाल्याने लिहून घेतलं. खत? मंदारने एकदा मामाच्या घरी मीठ घालताना पाहिलं होतं, ते त्याने सांगितलं. तेही लिहून घेतलं गेलं. मला चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळावं लागलं. मरे मागोमाग कप घेऊन आले आणि सिंकशी उभं राहून हळू आवाजात म्हणाले की हा पाम उणे पंधरा अंगावर घेतो, त्याला कधीच काही घालावं लागलं नाही. क्लबातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. नॉरीनला कोणी सांगितलेलं नाही. “तुमचे मिस्टर सांगून टाकतील का?” त्यांनी विचारलं. मंदार खरं तेच बोलतो, हा त्याचा दोष मला चांगला ठाऊक होता. मी बाहेर धावले, पण उशीर झाला होता.

नॉरीन मंदारसमोर उभी होती. “तुम्ही पामच्या देशातले,” ती म्हणाली. “खरं सांगा. त्याला तो गाऊन लागतो का?”

खोलीत कोणी चीज रोल चावेना. मंदारला उत्तर माहीत होतं. त्या ग्रुपात त्याने ते दहा वेळा वाचलं होतं.

“आमच्या पुण्यात थंडी पडली की सारसबागेतल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात,” तो म्हणाला. “मूर्तीला थंडी वाजते का, असं कोणी विचारत नाही. घालणाऱ्याला मात्र त्या रात्री झोप लागते.”

“मला वाटलंच होतं,” नॉरीन म्हणाली आणि तिने ट्रे पुढे केला. मरे खिडकीबाहेर बघत बराच वेळ नाक पुसत होते. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण या माणसाचा इतका अभिमान मला क्वचित वाटला आहे.

शनिवारी सकाळी खणायला घेतलं. वरची माती विटेइतकी टणक झाली होती, तेव्हा नॉरीनने किटलीने गरम पाणी ओतलं. सत्तरीपुढचे सहा जण आणि आम्ही दोघं, मध्ये दर वीस मिनिटांनी चहा. एकाने जुना गालिचा आणला, त्यावर मुळांचा गोळा ओढून घेतला, गोणपाटात बांधला आणि दोन फळ्यांवरून ट्रेलरवर चढवला. पानं वर बांधली आणि मागे बाहेर आलेल्या भागाला लाल फडकं लावलं, तो इथला नियम आहे. गाऊन काढू का, असं मंदारने विचारलं. नॉरीन म्हणाली, प्रवासात वारा लागतो. मग तिने दोरीची गाठ पुन्हा मारली, कॉलर नीट केली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मंदारने तोंड उघडलं तेव्हा मी त्याला कोपराने ढोसलं. “गुडबाय, नॉरीन,” तो म्हणाला.

परतीचा प्रवास थोडक्यात सांगते. ओमारामाच्या पंपावर एका बाईने ट्रेलरमध्ये वाकून पाहिलं. आडवा गाऊन, कमरेची दोरी, कॉलरमधून डोकावणारे तपकिरी केस. तिने गंभीरपणे विचारलं, हे बरे आहेत ना? मंदार म्हणाला, घर बदलताहेत, जरा दमलेत. तिने मान डोलावली आणि आम्हाला सांभाळून जायला सांगितलं. रविवारी फेरीवर चढताना पिवळ्या जॅकेटवाल्याने ट्रेलरमध्ये काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा इराने सगळं खरं सांगितलं, “इट्स अ पाम ट्री इन अ ड्रेसिंग गाऊन.” तो “स्वीट अ‍ॅज”, म्हणजे ‘झकास’, म्हणाला आणि त्याने आम्हाला तिसऱ्या रांगेत लावलं. समुद्र खवळलेला होता. प्रवासात गाड्यांच्या डेकवर जाऊ देत नाहीत, त्यामुळे मंदार साडेतीन तास वर बसून खाली त्याला एकट्याला कसं वाटत असेल, याची काळजी करत होता. मला उलट्या होत होत्या, त्याची काळजी इराने केली.

आता घरी. शेजारच्या तिघांना हाताशी धरून पाम पुढच्या अंगणात लावला. नॉरीन सोमवारीच टिमारूला गेली आणि दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन येऊ लागला. पामच्या मध्यातून भाल्यासारखं बंद पान निघतं. ते वाढलं तर झाड जगलं, उपटून हातात आलं तर गेलं. मंदारने त्या पानावर आणि शेजारच्या देठावर मार्करने एकच सरळ रेघ मारली, म्हणजे पान सरकलं की रेघ तुटणार. पहिल्या रविवारी रेघ जागेवर. दुसऱ्या रविवारीही. बाहेरची पानं पिवळी पडली, मग तपकिरी. पाचव्या रविवारी मी मंदारला म्हटलं, थोडं सरकलंय असं सांगून टाक, तिला काय दिसणार आहे? तो तयारही झाला होता. पण फोन इराने उचलला आणि म्हणाली, “नथिंग यट, सॉरी.” नॉरीन नेहमीप्रमाणे थँक यू म्हणाली.

या सहलीतून काय उरलं म्हणाल, तर एक मेल्यासारखा दिसणारा पाम आणि ट्रेलरच्या मडगार्डला पोचा. इतक्या दुरून उपटून आणलेलं काही आपल्या अंगणात, आपल्या हातून मरणार, ही भीती मी आधी कधी अनुभवली नव्हती. लॉनवर बसून मी त्याच्याशी मराठीत बोलायला लागले होते, हेही कबूल करते.

आठव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, कामाला निघताना मंदार अंगणात थबकला आणि त्याने मला हाक मारली. रेघ तुटली होती. पानावरचा तुकडा देठावरच्या तुकड्यापेक्षा नखभर वर गेला होता. आम्ही दोघांनी चष्मा लावून, काढून, मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघून खात्री केली. मग मंदारने नॉरीनला फोन लावला. रविवार नसल्याने ती घाबरूनच बोलली. त्याने सांगितलं.



“बरं,” ती म्हणाली. “मग आता मी खोकी उघडते.”

आठ आठवडे ती त्या युनिटमध्ये सगळं सामान खोक्यांतच ठेवून राहिली होती. तिने फोन बंद केला नाही, नुसता बाजूला ठेवला, आणि आम्हाला अंगणात उभ्याउभ्या चिकटपट्टी ओढल्याचा आवाज ऐकू आला.