कुजबुजीतला नाताळ

माझा आवाज मोठा आहे, हे नागपुरात कुणी नाकारणार नाही. नाताळच्या गाण्यांच्या फेरीत मी वरचा सूर लावला की अजनीच्या रेल्वे यार्डात शंटिंग थांबायचं, कळमेश्वरकडची संत्री आपण होऊन झाडावरून उतरायची आणि कामठीच्या छावणीतले शिपाई सावधान उभे राहायचे. यातलं अजनीचं तरी खरं धरा. आमच्या चर्चच्या मंडळीत माझं बोलणं ऐकायची एक रीतच होती. मी जे सांगेन त्याचे तीन हिस्से बाजूला ठेवायचे आणि उरलेला चौथा हसत हसत घ्यायचा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सत्तरचं दशक संपता संपता एका नाताळात मात्र वाटलं, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

आखातातल्या एका देशात मी पाइप वेल्डर होतो. दोन वर्षांनी पहिली सुट्टी मिळाली ती डिसेंबरात. आल्या आल्या आमच्या गल्लीतली एक विधवा बाई घरी आली. मिशनच्या शाळेत मास्तरीण होती. तिची मुलगी मिशनच्याच दवाखान्यात नर्स, आणि मंडळीतला सगळ्यात गोड गळा तिचा. पोरीला त्याच देशातल्या एका इस्पितळाचा करार आला होता. जानेवारीत निघायचं होतं.

"भाऊ, तिले सगळं नीट सांग न गा," बाई म्हणाली. "तिथं चर्च जवळ पडते का, रविवारी सुट्टी भेटते का. माही पोरगी एक रविवार चुकवत नाही."

मी पाणी पीत होतो ते नाकात गेलं. रविवारी चर्चमध्ये सगळं सांगतो म्हणून तिला परत पाठवलं.

चर्च! शेजारच्या एका देशात होतं म्हणतात, घंटा न वाजवणारं का असेना. या देशात नव्हतं. बांधायला बंदी, घरात चार जणांनी मिळून प्रार्थना करायला बंदी, विमानतळावर पेटीतून बायबल निघालं तर ते कचऱ्यात. आम्ही त्यांच्या नळ्या जोडायच्या, त्यांचं तेल वाहतं ठेवायचं, आता ही पोरगी त्यांच्या म्हाताऱ्यांच्या जखमांचे फडके बदलणार. आमचे हात चालतात, आमचा देव चालत नाही!

चर्चच्या पाळकसाहेबांनी मला रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं बोलायला सांगितलं होतं. त्यांना हे सगळं आधी जाऊन सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले.

"भाऊ, आपल्या मंडळीतल्या आणखी पाच जणांचे कागद तिकडच्या नोकरीसाठी एजंटकडं आहेत," ते म्हणाले. "प्रभूनं तुम्हाला सुखरूप ठेवलं, एवढं बोला. बाकीचं काहून उकरता?"

मी रविवारी उभा राहिलो. सुरुवात सवयीप्रमाणे केली. म्हटलं, तिकडच्या उन्हापुढं आपला मे महिना म्हणजे बर्फाचा कारखाना, तिथं कोंबडी अंडं देते ते उकडलेलंच. लोक खूश झाले. मग मी गोष्टी सोडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा तिखटमीठ न लावता बोललो.

सांगितलं, की दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही अकरा जण कामगारांच्या कॅम्पातल्या एका खोलीत जमायचो. एसी पूर्ण सोडायचा, त्याच्या घरघरीखाली कुजबुजत गायचं. बाहेर पायरीवर कामठीचा एक मुसलमान फिटर पेपर धरून बसायचा. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. "तुमचं होऊ द्या, मी बसून राहिलो इथं," म्हणायचा. "दुसऱ्याच्या देवाले दार बंद करा, असं माह्या बापानं मले नाही शिकवलं." आमच्यात कॅम्प झाडणारा एक म्हातारा होता, पाकिस्तानातल्या पंजाबचा, ख्रिस्ती. जेवणघरात त्याच्याच देशाचे लोक त्याला आपल्या कपाला हात लावू देत नसत. तो स्वतःचा पत्र्याचा मग कमरेला बांधून फिरायचा. माझा आजा गाव सोडून मिशनच्या दारात आला तो असल्याच वेगळ्या भांड्यापायी. तिकडं समुद्रापार मला तेच भांडं पुन्हा दिसलं, फक्त देणारा हात बदललेला.

गेल्या नाताळला फिटर खोकला. म्हणजे पोलीस. दार उघडलं तेव्हा म्हातारा प्रार्थना म्हणत होता, तो थांबलाच नाही. त्याला आणि आणखी दोघांना ओढत नेलं. दोघांना कंपनीनं सोडवून आणलं. म्हाताऱ्यासाठी कुणी गेलं नाही. तीन आठवडे कोठडीत ठेवून त्याला विमानात घातलं, त्याच्या देशात परत, त्या मगाकडं.

"आणि तू कुठं होता गा तेव्हा?" मागच्या बाकावरून एकानं विचारलं.

"खाटेखाली," मी म्हटलं.

सगळं चर्च हसलं. माझा पोटाचा घेर सगळ्यांना ठाऊक. एक जण म्हणाला, "खाट केवढी होती गा, अख्ख्या सतरंजीपुऱ्याएवढी?" पाळकसाहेबसुद्धा रुमालात हसले. बाई हसली. पोरगीही. मी ओरडलो, "खरं सांगून राहिलो!" तर आणखी हसले. जन्मभर भरपूर मसाला घातला तेव्हा लोकांनी पोटभर खाल्लं, आणि सत्य वाढलं तर ताट सरकवून मोकळे. त्या हसण्याचा मला जेवढा संताप आला तेवढा त्या पोलिसाचाही नव्हता आला. आणि खाटेखालच्या माणसाचा तर त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी फेरीच्या गाण्यांची तालीम बाईच्या घरी होती. पोरगी पेटीवर, मी गायला, बाई चहा घेऊन. मी रागातच होतो, त्यामुळं आवाज असा लागला की कौलं दोन बोटं वर उचलली गेली असतील. तेवढ्यात रस्त्यावरून लग्नाची वरात बँड वाजवत आली. गाणं ऐकू येईना म्हणून बाईनं दार लोटून कडी घातली.

पुढचं मला कळलंच नाही. पेटी थांबली तेव्हा भानावर आलो. मी दाराशी गुडघ्यावर होतो. पलंगावरची चादर ओढून, तिची घडी करून मी ती दाराखालच्या फटीत बोटांनी कोंबत होतो. आणि तोंडानं तेच गीत चालू होतं, पण इतकं हळू की माझं मलाच ऐकू येत नव्हतं. कॅम्पात दर शुक्रवारी ते काम माझ्याकडं असायचं. फटीतून उजेड दिसतो, आवाजही निसटतो.

बाईनं कपबशी खाली ठेवली.

"काका," पोरगी म्हणाली, "काल सांगितलं ते सगळं..?"

"सगळं."

"खाटेखालचंही?"

"तेही."

बाई माझ्यावरच उसळली. "मग नीट काहून नाही सांगितलं? हसवत होता तू लोकाईले!"

"मी हसवत होतो? तुम्ही हसत होते वं!"

दोघंही ओरडत होतो, बाहेरच्या बँडवर मात करून. पोरगी मात्र पेटीचा भाता बंद करून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला बरोबर घेतलं आणि सरळ एजंटच्या ऑफिसात गेली. त्याला विचारलं, तिथं मी रविवारी प्रार्थना करू शकते, असं लिहून देता का?

एजंट हसला. "सिस्टर, नोकरीला जाता की पूजेला?"

"माझा पासपोर्ट द्या," ती म्हणाली.

तो चिडला, करार मोडता येत नाही म्हणाला, वकिलाचं नाव काढलं. ती हलली नाही. दवाखान्यात चुकणाऱ्या डॉक्टरांच्या हातून सुरी काढून घेणारी नर्स होती ती, आणि यातला चौथाच हिस्सा नव्हे, चारही हिस्से खरे. अर्ध्या तासानं पासपोर्ट टेबलावर आला. बाई त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलली नाही. पोरीचं नशीब मी खाल्लं म्हणाली, आणि तिच्या बाजूनं तिचं बरोबर होतं. पाळकसाहेबांच्या त्या पाचांपैकी पाचही गेले.

आणि मी?

माझी सुट्टी जानेवारीत संपली. मुंबईच्या गाडीला पोचवायला ती पोरगी एकटीच स्टेशनवर आली होती. गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन तिनं विचारलं, "काका, मग तुम्ही काहून जाता?"

तोंडात चाळीस उत्तरं तयार होती. त्यातलं मी सगळ्यात मोठं काढलं.

"माह्यावाचून तिथं तेलच निघत नाही वं," म्हटलं.

ती हसली नाही.