एलेनीचा समुद्र

अमेरिकेतल्या ट्रॉयहून सकाळी निघालो तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं. भाची अनुजा ड्राइव्ह करत होती, मी तिच्या शेजारी आणि मागच्या सीटवर एलेनी. अनुजाच्या शेजारच्या घरात स्वतःच्या लेकीकडे राहायला आलेली, सत्तरीची ग्रीक बाई.

"मावशी, तिला ह्युरॉन लेक बघायचाय," अनुजा आदल्या दिवशी म्हणाली होती. "नवऱ्याला व्हिडिओ कॉल करून दाखवायचाय. मी माझा योगा क्लास कॅन्सल केलाय."

दुतर्फा मक्याची सपाट शेतं, मधूनच एखादं पांढरं चर्च. वाटेत एका ग्रीक माणसाच्या खानावळीत थांबलो. एलेनीने आमच्यासाठी अवगोलेमोनो (अंडं आणि लिंबू घातलेलं कोंबडीचं सूप) मागवलं. पहिल्या घोटाला मला ते विचित्र लागलं, नंतर आवडलं. तिने स्वतः चमचाही उचलला नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती बोलत राहिली.

समुद्रकाठच्या गावात तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, स्टावरोसचं, औषधांचं दुकान होतं. देश कर्जात बुडाला आणि सरकारकडून येणारे औषधांचे पैसे थकले. गावातल्या म्हाताऱ्यांची पेन्शनं कापली गेली.

"त्यांना इन्सुलिन नाही असं कसं सांगणार?" ती म्हणाली.

दुकान चालू ठेवायला त्यांनी घर गहाण टाकलं. तरी दुकान बंद पडलंच. हप्ते ओढण्यात कैक वर्षं गेली आणि आता घराचा लिलाव झाला होता. महिनाअखेर ते रिकामं करायचं होतं. लेकीने दोघांनाही इकडे बोलावलं. एलेनी आली, स्टावरोस मात्र घरातून हलेना.

"समुद्र नसेल तिथे जगणार नाही म्हणतो. आज त्याला दाखवते, इथेही आहे."

सरोवराच्या काठावर पोचलो आणि मीही क्षणभर फसले. पलीकडचा किनारा दिसत नव्हता. लाटा होत्या, वाळू होती, सीगल ओरडत होते. एलेनीने फोन लावला. पडद्यावर दाढी वाढलेला एक म्हातारा व्हरांड्यात बसलेला दिसला. तिने फोन पाण्याकडे फिरवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग काहीतरी बोलला.

एलेनी बूट न काढताच पाण्यात शिरली. मोकळ्या हाताने पाणी तोंडाला लावलं आणि तशीच उभी राहिली. मग फोनमध्ये एकच शब्द बोलली.

मी तिच्याजवळ गेले. "काय म्हणाला तो?"

"चाखून बघ म्हणाला." तिने तोंड पुसलं. "खारट आहे म्हणायला हवं होतं मी. जमलं नाही. त्याने फोन ठेवला."

परतीच्या वाटेवर ती पुन्हा पुन्हा फोन लावत होती.

"काकू, नेटवर्क नसेल तिकडे," अनुजा इंग्रजीत म्हणाली. एलेनीने मान डोलावली. आम्हा तिघींनाही ते खरं वाटलं नाही.

मी पुण्याला परतायच्या आधीच त्यांच्या तिकडच्या घराला कुलूप लागलं. स्टावरोसला चुलतभावाने डोंगरातल्या गावी नेलं. तिथून समुद्र दिसत नाही. "परत जाऊ म्हटलं, तर उतरू कुठे?" मला निरोप देताना एलेनीने विचारलं.

पुण्यात परवा पेपरात वाचलं, ग्रीस सावरलाय, मुदतीआधीच कर्ज फेडतोय म्हणे. देश सावरला असेल. मी लगेच अनुजाला फोन केला, स्टावरोसचं काही कळलं का म्हणून.

"नाही गं मावशी. ती रोज कॉल करते. नुसती रिंग जाते."