चांदीच्या टाकातली मालिनी

लखनौच्या सरोजिनी नगरातल्या वसुधाताईंनी लग्नानंतर तेहतीस वर्षं एकही नवी साडी सरळ अंगाला लावली नव्हती. आधी मालिनीला दाखवायची, मगच घडी मोडायची. मालिनी म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, उल्हासरावांची पहिली बायको, लग्नानंतर वर्षभरात गेलेली. सासूबाईंनी चांदीच्या छोट्या पत्र्यावर तिची आकृती उठवून घेतली आणि तो टाक नव्या सुनेच्या हातावर ठेवला. "जे नवं येईल ते आधी तिला. हळदकुंकू वाहायचं, दाखवायचं, मग तू वापरायचं. विसरलीस तर रागावते हो ती!" साताऱ्याहून बदली होऊन मंडळी लखनौला आली, इथलीच झाली, देव्हाऱ्यातला टाक सोबत आला. मेलेल्या सवतीची हौस पुरवता पुरवता वसुधाताईंचा जीव मेटाकुटीला यायचा, पण चुकवायची बिशाद होती का!

चुकवली एकदाच. दोन वर्षांपूर्वी, मुलाच्या लग्नात. सुबोधने चिकनकारीची मोतिया रंगाची साडी आणली, म्हणाला, "आई, ही फक्त तुझी." बाईंना काय वाटलं कोण जाणे. देव्हाऱ्याकडे पाठ केली आणि साडी नेसल्या. आठव्या दिवशी उल्हासराव चहा पिता पिता गेले.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. वसुधाताईंनी मान डोलावली, साडी कपाटाच्या तळाशी ढकलली आणि टाकाकडे बघायचं सोडलं. तेव्हापासून हळदकुंकू सून वाहायची. सलोनी लखनौचीच, मराठी समजायचं, बोलायची हिंदीत.

आता सलोनीला सातवा महिना लागला आणि वसुधाताईंची झोप उडाली. आपली चूक पोरीच्या पोटाला भोवली तर? रविवारी भर दुपारी त्यांनी साडी काढली, सलोनीला सगळं सांगितलं, तिच्याकडून टाकाला ओलं कुंकू लावून घेतलं आणि घडी समोर ठेवली.

"घे बाई! चुकले. काय घ्यायचं ते माझं घे, हिच्या वाटेला जाऊ नकोस." मग राहवलं नाही. "पण आधी मी नेसले होते. ते आता तुलाही बदलता यायचं नाही."

बोलल्या खऱ्या, आणि लगेच दोन्ही कान धरले. सलोनीने त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं. "मम्मीजी, ऐसा कुछ नहीं होता. पापाजी को तो पहले से तकलीफ थी." वसुधाताईंना पटलं, अगदी मनापासून पटलं. कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. बास झालं, हे आपल्यापाशीच थांबवायचं. टाक उद्या गोमतीत सोडायचा.

सलोनी आत गेली. परत आली तेव्हा हातात पिवळं झबलं होतं, महिनाभर खपून तिने स्वतः शिवलेलं. ती हसली, पण नजर टाकावरून हलत नव्हती.

"मम्मीजी, ये भी... दिखा दें क्या?"

नको म्हणायला वसुधाताईंनी तोंड उघडलं. टाकावरचं कुंकू अजून ओलं होतं. पोरीचा एक हात पोटावर होता.

"आधी तिला," त्या म्हणाल्या.